डायलिसिसच्या रुग्णांसाठी नाटकाचा मदतनिधी प्रयोग: पहिल्या बैठकीपासून शेवटच्या पावतीपर्यंत

आरोग्याच्या कामासाठी निधी उभा करायचे ठरले की पहिल्या बैठकीत नाटक कोणते, पाहुणे कोण आणि फलक कुठे लावायचे याचीच चर्चा सुरू होते. आम्ही काही मित्रमंडळी आमच्या जिल्ह्याच्या गावी एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागासाठी नाटकाचे प्रयोग लावत आलो आहोत, आणि या कामात एक गोष्ट मला पुरती कळली आहे. निधी प्रयोगाच्या संध्याकाळी जमत नाही. तो त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत, दुकानाच्या गल्ल्यासमोर उभे राहून, कारखान्याच्या कार्यालयात वाट पाहून आणि नात्यातल्या माणसांकडे चहाला बसून, एकेकाला समजावून जमवावा लागतो. प्रयोग हे त्या सगळ्यांना एकत्र बोलावण्याचे निमित्त असते. हे एकदा मान्य केले की पुढच्या कामांचा क्रम आपोआप बदलतो, आणि नाटकाची निवड पहिल्या क्रमांकावरून चौथ्या-पाचव्या क्रमांकावर जाते. प्रस्तुत लेखात तोच क्रम पाळला आहे.

पैसा नेमका कशाला हवा, हे रुग्णालयात जाऊन विचारावे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार, घ्यावे लागते, आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले नाही तर हे आयुष्यभर चालते. ‘डायलिसिससाठी मदत करा’ असे आवाहन त्यामुळे सोपे वाटते. पण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो की सरकारी योजना असताना मदत कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असले पाहिजे. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ज्या खर्चाची तरतूद तिथे आधीच आहे, त्यासाठी लोकांकडे हात पसरणे चुकीचे आहे.

म्हणून निधीचा आकडा ठरवण्याआधी डायलिसिस विभागाच्या बाहेरच्या बाकावर एक सकाळ बसावे. मी बसलो होतो. शेजारी तालुक्याच्या पलीकडच्या गावातून आलेला एक शेतमजूर होता. मांडीवर जेवणाचा डबा, आणि तपासण्यांचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी करून ठेवलेले. आत त्याची बायको यंत्रावर होती. उपचाराला पैसे पडत नाहीत, असे तो स्वतःहून म्हणाला. पण आठवड्यातले दोन दिवस त्याची मजुरी बुडते, एसटीत सवलत असली तरी थेट गावात जाणारी परतीची गाडी डायलिसिस संपण्याआधीच निघून जाते, आणि अशा अशक्त अवस्थेत बायकोला फाट्यावरून घरापर्यंत तीन किलोमीटर चालवत नाही, म्हणून रिक्षा करावी लागते. त्यानंतर विभागातल्या परिचारिकेशी बोललो, तेव्हा हिमोग्लोबिन टिकवणारी इंजेक्शने आणि काही तपासण्या यांच्यासाठीही अनेकांचे पैसे कमी पडतात, हे समजले. डायलिसिस चुकवणारे रुग्ण उपचाराला कंटाळलेले नसतात, ते बहुधा येण्याजाण्याच्या खर्चापाशी थकलेले असतात.

या एका सकाळीतून आमच्या आवाहनाचे वाक्य तयार झाले: ‘वीस रुग्णांचा वर्षभराचा येण्याजाण्याचा आणि इंजेक्शनांचा खर्च’. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून याचा महिन्याचा आकडा लेखी घेतला. आवाहनात रुग्णांची संख्या, मुदत आणि रक्कम या तीन गोष्टी असल्या की देणारा माणूस स्वतःच हिशेब करतो आणि ‘मग एका रुग्णाचे तीन महिने माझ्याकडून’ असे म्हणतो. ‘गरजू रुग्णांच्या मदतीसाठी’ या मोघम ओळीवर कोणीही असे म्हणत नाही.

संस्थेची लेखी संमती

ज्या संस्थेसाठी निधी जमवायचा, तिच्या विश्वस्तांना आधी भेटावे. आपला हेतू कितीही चांगला असला तरी तिचे नाव आणि बोधचिन्ह परस्पर वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही. संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र घ्यावे आणि त्यात उपक्रमाचे नाव व तारीख, निधीचा उद्देश, संस्थेच्या वतीने बोलणी करणारी व्यक्ती, देणग्या ज्या खात्यात जमा व्हायच्या ते खाते, पावत्या कोण देणार आणि खर्च कोणी करायचा, हे सर्व स्पष्ट लिहून घ्यावे. कार्यक्रमात तोटा झाला तर तो कोण सोसणार, हेही त्याच पत्रात असावे. पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी तो विचारावाच. आमचे उत्तर असे ठरलेले आहे की तोटा आयोजकांचा आणि शिल्लक सगळी संस्थेची.

त्याच वेळी संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर सवलतीच्या प्रमाणपत्राची मुदत पाहून घ्यावी. ज्या संस्थेला हे कागद दाखवताना राग येतो, तिच्यासाठी गावात शब्द टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा कोणाच्या खात्यात जाईल

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा त्याच्या मोबाइल क्रमांकावर देणग्या घेणे हा मार्ग सोपा दिसतो आणि पुढे सर्वांना अडचणीत आणतो. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसली तरी ती रक्कम त्याच्या खात्यात उत्पन्नासारखी दिसते, देणगीदाराला कायदेशीर पावती मिळत नाही आणि कुजबुज सुरू झाली तर ती थांबवण्यासाठी हातात कागद नसतो. देणग्या थेट संस्थेच्या खात्यात जाव्यात, क्यूआर कोड संस्थेचाच असावा आणि धनादेश संस्थेच्याच नावाने घ्यावा.

आयोजक मंडळ स्वतः नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल आणि तरीही स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करणार असेल, तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१सी लागू होते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून जी परवानगी काढतात, ती याच कलमाखालची. आमच्या अनुभवात संस्थेलाच मुख्य आयोजक करणे आणि आपण ‘सहकार्य’ म्हणून राहणे हा त्यापेक्षा सुटसुटीत मार्ग आहे.

देणगीवरच्या आयकराच्या ज्या सवलतीला आपण सगळे ‘८०जी’ म्हणतो, तिच्याबाबत देणगीदाराला चुकीचे आश्वासन देऊ नये. ही सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ती मिळत नाही. आणि संस्था देणगीदारांची यादी आयकर विभागाकडे भरते तेव्हाच प्रमाणपत्र निघते. म्हणून पावती फाडतानाच पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक लिहून घ्यावा. मार्च उलटल्यावर सत्तर जणांना फोन करून पॅन मागत बसणे किती त्रासाचे असते, ते ज्याने केले आहे त्यालाच माहीत. नाटकाच्या तिकिटाची किंमत ही देणगी नव्हे, कारण तिच्या मोबदल्यात प्रेक्षकाला खुर्ची मिळते. तिकिटावर ‘देणगी प्रवेशिका’ असे छापण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते छापल्याने ती रक्कम करसवलतीस पात्र होत नाही, हे विक्री करणाऱ्या प्रत्येकाला नीट सांगून ठेवावे.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हा प्रश्न हल्ली प्रत्येक गावात येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र ज्याने अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले आहे, तो मूळचा आपल्या आळीतला असला आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचे ओळखपत्र) असले, तरी त्याची देणगी विदेशी ठरते, आणि विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती ठरलेल्या खात्यातून स्वीकारता येते. नोंदणी नसेल तर ती रक्कम नम्रपणे नाकारावी.

तारीख आणि नाटक

तारीख निवडताना गावाच्या खिशाचे पंचांग पाहावे. गणेशोत्सव आणि नवरात्रात प्रत्येक व्यापारी वर्गणी देऊन थकलेला असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घरेच्या घरे बाहेर पडत नाहीत, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथींचे शनिवार-रविवार भरलेले असतात. जागतिक मूत्रपिंड दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येतो आणि त्या दिवशी प्रयोग लावावा असे दरवर्षी कोणीतरी सुचवते. परीक्षांच्या तोंडावर, आठवड्याच्या मध्यावर नाट्यगृह भरणार नाही, म्हणून आम्ही ते टाळतो. आमच्या गावाला डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य मानवतो. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नाट्यगृहात रविवारची तारीख मिळायला काही महिने आधी अर्ज द्यावा लागतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता मध्ये येण्याची शक्यता असेल तर तिची चौकशी आधीच करावी. रविवारी दुपारी साडेचारचा प्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण देणगी देणारे आणि तिकीट काढणारे बहुसंख्य लोक साठीच्या पुढचे असतात आणि त्यांना रात्री नऊच्या आत घरी पोहोचायचे असते.

सार्वजनिक कामाच्या निधीसाठी नाटक ही आपली जुनी परंपरा आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तो आजही सांगितला जातो. आपल्या प्रयोगात असा योग यायचा नाही, आणि तो यावा अशी गरजही नाही. ज्या नाटकाला आईवडील, मुलगा-सून आणि शेजारचे काका एकत्र येऊ शकतील, ज्याचा पडदा अडीच तासांत पडेल आणि ज्याचे मानधन आपल्याला झेपेल, ते नाटक निवडावे.

निर्मात्याकडून ठरावीक रकमेला प्रयोग घेताना पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात: मानधन आणि उचल किती, त्यावर कर आणि टीडीएस (मानधनातून आधीच कापायचा आयकर) कसा, बस, मुक्काम आणि जेवण कोणाकडे, नेपथ्याचा टेम्पो किती वाजता लागणार, ज्या कलाकाराच्या नावावर तिकिटे विकली तो ऐनवेळी येऊ शकला नाही तर काय, आणि प्रयोग रद्द झाला तर उचल परत की दुसरी तारीख. काही निर्माते अशा कामासाठी मानधन कमी करतात. त्यांना तशी विनंती जरूर करावी, पण पडद्यामागच्या कामगारांच्या पैशाला हात लागणार नाही हे पाहावे.

कागदावरचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर त्यात घालून पाहावेत. समजा ७०० आसनांचे नाट्यगृह आहे. नाटकाचे मानधन १,३०,००० रुपये, कलाकारांचा मुक्काम व जेवण २०,०००, नाट्यगृहाचे भाडे व वीज ३५,०००, छपाई व जाहिरात २०,००० आणि चहापान, परवाने, विमा व किरकोळ खर्च २५,००० धरला, तर एकूण २,३०,००० रुपये होतात. पाचशे रुपयांची ३०० आणि तीनशेची २५० तिकिटे विकली गेली, तर जमा २,२५,००० रुपये. म्हणजे साडेपाचशे माणसे येऊनही तिकिटांतून नाटकाचा खर्चही पुरता निघत नाही, आणि रुग्णांसाठी एक रुपयाही उरत नाही.

निधी येतो तो दोन वाटांनी: स्मरणिकेच्या जाहिराती आणि थेट देणग्या. स्मरणिकेतून २,५०,००० रुपये आले, तिच्या छपाईला ४०,००० लागले आणि देणग्या १,५०,००० रुपये झाल्या, तर सगळा खर्च वजा जाता ३,५५,००० रुपये शिल्लक राहतात. हा हिशेब मी पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहितो. तो पाहिल्यावर सगळ्यांचे लक्ष नाटकावरून जाहिरातींकडे वळते, आणि तिकीटविक्रीच्या जोडीने दुसरी, अधिक चिकाटीची तुकडी लागणार हे कोणाला वेगळे पटवावे लागत नाही.

तिकिटाचा दर ५०० रुपयांपर्यंत ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. नाटकाच्या प्रवेशाचा दर माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही; त्यापुढच्या दरावर, आयोजक संस्था जीएसटीखाली नोंदलेली असल्यास, तो लागतो. ज्याला जास्त द्यायचे आहे, त्याने ती रक्कम वेगळी देणगी म्हणून द्यावी आणि तिची वेगळी पावती घ्यावी.

स्मरणिका: खरे काम

अडीच लाखांच्या जाहिराती म्हणजे काय, ते फोडून पाहावे. मलपृष्ठ २५,००० रुपये. आतली दोन आवरणपृष्ठे प्रत्येकी १५,०००. पूर्ण पानाच्या बारा जाहिराती ८,००० प्रमाणे. अर्ध्या पानाच्या पंधरा ४,५०० प्रमाणे. आणि शुभेच्छांच्या एकवीस चौकटी १,५०० प्रमाणे. एकूण ५१ जाहिराती. आमचा अनुभव असा की तीन ठिकाणी जावे तेव्हा एक जाहिरात मिळते आणि प्रत्येक ठिकाणी सरासरी दोन खेपा होतात. म्हणजे दीडशे दारे आणि तीनशे खेपा. दहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा दारे येतात, आणि तीन महिन्यांत हे सहज होते. पाच जण असतील तर होत नाही, आणि मग शेवटच्या पंधरवड्यात स्मरणिका पातळ होऊ लागते.

दारांची यादी करताना कोण कोणाला ओळखतो हे प्रत्येक नावापुढे लिहावे. सराफ, बांधकाम व्यावसायिक, पतसंस्था, खतांचे विक्रेते, औषधांचे घाऊक व्यापारी, मंगल कार्यालये आणि शिकवणीवर्ग हे बहुतेक गावांत जाहिरात देतात. एका दुकानात आपल्या मंडळाची दोन वेगवेगळी माणसे जाता कामा नयेत. जाताना संस्थेचे पत्र, दरपत्रक, मागील वर्षीची स्मरणिका आणि मागील वर्षीचा हिशेबाचा कागद सोबत असावा. पहिलेच वर्ष असेल तर रुग्णालयाने दिलेला महिन्याच्या खर्चाचा आकडा असावा. आणि जाहिरात मागण्याआधी दोन मिनिटे रुग्णांबद्दल बोलावे. ‘तुमच्या दुकानाची प्रसिद्धी होईल’ असे सांगून मिळालेली जाहिरात पुढच्या वर्षी टिकत नाही, कारण सातशे जणांच्या हातात पडणाऱ्या स्मरणिकेने किती प्रसिद्धी होते हे त्या दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगले कळते.

डॉक्टरांकडे जाहिरात मागू नये. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेत स्वतःची जाहिरात करणे बसत नाही आणि मागणाऱ्यामुळे ते अवघडतात. त्यांच्याकडून थेट देणगी घ्यावी. तंबाखू, गुटखा आणि मद्य यांच्याशी संबंधित कोणाचेही पान आरोग्याच्या स्मरणिकेत घेऊ नये, मग रक्कम कितीही मोठी असो. जाहिरातीची रक्कम म्हणजे देणगी नव्हे. तिची पावती वेगळ्या पुस्तकातून द्यावी, आणि संस्थेची जीएसटी नोंदणी असेल तर तिच्या लेखापालाला विचारूनच बिल करावे.

एका वर्षी एका व्यापाऱ्याने रंगमंचाच्या मागच्या फलकावर आपले नाव हवे म्हणून मोठी रक्कम कबूल केली. आम्ही शब्दावर विसंबून नाव छापले, टाळ्याही झाल्या, आणि ती रक्कम अखेरपर्यंत आली नाही. त्या रकमेवर एका रुग्णाचे पाच महिने धरलेले होते. तेव्हापासून रक्कम खात्यात दिसल्याशिवाय नाव छापखान्यात जात नाही, हा आमचा नियम आहे, आणि तो मित्रालाही लागू आहे.

प्रवेशिका आणि आसनांचा प्लॅन

तिकिटे २५ च्या पुस्तकांत, स्थळप्रतीसह, अनुक्रमांक घालून छापावीत. कोणते पुस्तक कोणी, कोणत्या तारखेला नेले याची वहीत नोंद करून सही घ्यावी, आणि न विकलेली तिकिटे प्रयोगाच्या आठ दिवस आधी परत आलीच पाहिजेत. पैसे सांभाळणारा खजिनदार तिकिटे विकणारा नसावा. जमा झालेली रोकड दर सोमवारी दोघांनी मोजून बँकेत भरावी.

आसनांचा प्लॅन एकच असावा आणि एकाच माणसाच्या हातात असावा. पहिल्या वर्षी आम्ही त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक बाजारपेठेतल्या दुकानात आणि एक कॉलनीत ठेवली, आणि ‘एफ’ रांगेतल्या दहा खुर्च्या दोन्हीकडे विकल्या गेल्या. हे कळले तेव्हा दुसरी घंटा झाली होती. त्या रांगेत तिकीट हातात धरून उभे राहिलेल्यांत त्याच डायलिसिस विभागात उपचार घेताना वारलेल्या एका गृहस्थांचे कुटुंब होते; त्यांनी चार तिकिटांखेरीज वेगळी देणगीही दिली होती, आणि त्यांनी तक्रार न करता मागच्या भिंतीला टेकून पहिला अंक पाहिला. आता मोठ्या पुठ्ठ्यावर डकवलेला एकच प्लॅन एका घरी असतो. विकलेल्या खुर्चीवर तांबड्या पेन्सिलने फुली आणि तिच्याखाली पुस्तकाचा क्रमांक. मोबाइलवर त्याचा फोटो सर्वांना रोज संध्याकाळी जातो, पण फुली फक्त तोच माणूस मारतो.

फुकट पास ही हळूच पोखरणारी गोष्ट आहे. पोलीस, पालिका, पत्रकार, नाट्यगृहाचे कर्मचारी आणि निर्मात्याच्या राखीव खुर्च्या मिळून जो आकडा होईल तो आधीच ठरवावा आणि त्यापुढे एकही पास देऊ नये. समितीच्या सदस्यांनी स्वतःची तिकिटे विकत घ्यावीत.

परवाने

नाटकाच्या संहितेचे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र निर्मात्याकडे असते, त्याची प्रत मागून घ्यावी. पोलिसांचा तिकीटविक्रीचा परवाना आणि स्थानिक कार्यक्रमाची परवानगी यांसाठी किमान तीन आठवडे आधी अर्ज द्यावा. कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी लागते आणि रात्री १० वाजता तो बंद करावा लागतो.

नाटकाऐवजी गाण्यांचा कार्यक्रम ठरवला तर गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न येतो. हौशी मंडळाने विनामूल्य केलेल्या कार्यक्रमाला स्वामित्वहक्क कायद्यात सूट आहे. तिकीट लावले की ती राहत नाही, आणि उद्देश धर्मादाय आहे एवढ्याने रुग्णालयाच्या कार्यक्रमाला ती परत मिळत नाही. संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे असले तरी त्यांना विसाव्या शतकात दिलेली चाल हक्कांखाली असू शकते. म्हणून गाण्यांची यादी करून गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडून आधी परवाना घ्यावा.

सोडतीची तिकिटे विकून निधी वाढवण्याची कल्पना हमखास पुढे येते. परवानगीशिवाय लॉटरी चालवणे गुन्हा आहे. ती कल्पना तिथेच थांबवावी. चित्रकारांनी भेट दिलेल्या चित्रांचा लिलाव करण्यास हरकत नाही.

प्रयोगाची संध्याकाळ

नाट्यगृह उघडण्याआधी दोन तास सर्व कार्यकर्ते हजर असावेत. दोन जण प्रवेशद्वारावर, चार जण खुर्च्या दाखवायला, दोन जण देणगीच्या टेबलावर, एक जण कलाकारांबरोबर आणि एक जण फक्त ज्येष्ठांना हात धरून पायऱ्या चढवायला. रुग्णालयाला विनंती करून एक डॉक्टर आणि प्रथमोपचाराची पेटी सभागृहात ठेवावी. सातशे जणांच्या गर्दीत, ज्यांत निम्म्याहून अधिक वयस्कर आहेत, तिची गरज कधीही लागू शकते. आपत्कालीन दरवाजे उघडे आहेत का आणि त्यांच्यापुढे नेपथ्याच्या पेट्या तर नाहीत ना, हे स्वतः जाऊन पाहावे.

तिसरी घंटा वेळेवर झाली पाहिजे. सत्कारांची यादी नाटकाच्या आधी ठेवू नये. आमच्याकडे मध्यंतराआधी, पहिल्या अंकाचा पडदा पडताच, रुग्णालयाच्या डायलिसिस विभागातली परिचारिका पाच मिनिटे बोलते. तिला भाषण येत नाही, ती एका आठवड्यात किती रुग्ण आले, किती जणांनी खेप चुकवली आणि का, एवढेच सांगते. त्यानंतरच्या मध्यंतरात देणगीच्या टेबलासमोर रांग लागते. अध्यक्षांच्या वीस मिनिटांच्या भाषणानंतर अशी रांग मी कधी पाहिली नाही.

रुग्णाला मंचावर बोलावून त्याची हकीकत सांगायला लावू नये, आणि स्मरणिकेत त्याचा फोटो छापू नये. तो स्वतःहून तयार असला तरी ज्या रुग्णालयावर त्याचा उपचार अवलंबून आहे, त्याच्या कार्यक्रमाला नाही म्हणणे त्याला अवघड असते; त्या होकाराला मी खरा होकार मानत नाही. नाव, गाव आणि ओळख बदलून लिहिलेला एक परिच्छेद पुरेसा होतो.

देणगीपेटी सीलबंद असावी. ती त्याच रात्री संस्थेचा प्रतिनिधी आणि आपला खजिनदार यांनी मिळून उघडावी, नोटा व नाणी मूल्यानुसार मोजून कागदावर लिहावीत आणि दोघांनी सह्या कराव्यात. कितीही थकवा आला असला तरी हे दुसऱ्या दिवसावर टाकू नये. एकदा पेटीत पाचशेची एक नोट पाकिटात निघाली होती. पाकिटावर नाव नव्हते, फक्त ‘मंगळवार, सकाळची पाळी’ असे लिहिले होते. डायलिसिसच्या त्या पाळीतल्या कोणाच्या तरी घरचे ते होते.

हिशेब आणि त्यानंतर

तीस दिवसांच्या आत हिशेब पुरा करावा. प्रत्येक खर्चाचे बिल, प्रत्येक तिकीट पुस्तकाची स्थळप्रत, न विकलेल्या तिकिटांचा गठ्ठा आणि पेटीच्या मोजणीचा कागद एका फाइलमध्ये लावून ती संस्थेच्या लेखापरीक्षकाला दाखवावी. मग जमा, खर्च आणि शिल्लक यांचा एक पानाचा तक्ता करून तो प्रत्येक जाहिरातदाराला आणि देणगीदाराला आभारपत्रासोबत पाठवावा. तिकिटांतून खर्चही निघाला नसेल तर तेही तसेच लिहावे. आमच्या एका वर्षीच्या तक्त्यात तिकिटांचा तोटा स्पष्ट दाखवला होता. तो वाचून एका जुन्या जाहिरातदाराने तेवढ्याच रकमेचा धनादेश संस्थेच्या नावे पाठवून दिला.

आभारपत्रे छापील चालतील, पण नाव आणि रक्कम हाताने लिहावी. कार्यकर्त्यांची एक शेवटची बैठक घेऊन कोणते दार पुढच्या वर्षी कोणी ठोठवायचे, कोणाकडे पुन्हा जाऊ नये आणि कोणाला उगाच दोनदा विचारले गेले, हे यादीतच नोंदवून ठेवावे, कारण वर्षभराने हे कोणालाही आठवत नाही.

शिल्लक रक्कम देऊन झाली की सहा महिन्यांनी रुग्णालयाकडून एक पत्र मागावे: किती रुग्णांना येण्याजाण्याचा खर्च दिला, किती इंजेक्शने घेतली, किती रक्कम उरली आहे. संमतीपत्रातच या पत्राचा उल्लेख असला तर मागताना अवघड वाटत नाही. ते पत्र आले की त्याची प्रत सर्व देणगीदारांना पाठवावी, आणि त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या कार्यालयात जाऊन पुढच्या जानेवारीतल्या रविवारचा अर्ज द्यावा.